गिधाड दत्तक घेताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातली गिधाडे मुख्यतः पश्चिम अंगाला टिकून आहेत. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या रांगेतले कडे आणि हरसूलकडचा जंगलपट्टा हे त्यांचे मुलूख. त्यांना प्रतीकात्मक दत्तक घ्यायची इच्छा बऱ्याच जणांना असते आणि शंकाही तेवढ्याच असतात. पुढची उत्तरे कुठल्या एका संस्थेच्या योजनेची जाहिरात नाहीत. पैसे देण्याआधी काय तपासायचे, ते कुठे उपयोगी पडतात आणि कुठे वाया जातात, एवढेच इथे सांगितले आहे.

दत्तक घेतले म्हणजे गिधाड माझे झाले का?

नाही. लांब चोचीचे आणि पांढऱ्या पाठीचे, ही दोन्ही गिधाडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणे, पाळणे, अंडी किंवा पिसे जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. तुमच्या हाती येते ते प्रमाणपत्र, फोटो आणि वर्षातून एक-दोनदा कामाचा अहवाल. भेटीच्या पाकिटात कोणी ‘खरे पीस’ देत असेल तर ते घेऊ नका. कायदा माहीत नसलेल्या माणसांकडे आपले पैसे चालले आहेत, हे तेवढ्यावरूनच कळते.

प्राणिसंग्रहालयातल्या दत्तक योजनेत आणि यात फरक काय?

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय यांच्या योजनेत प्राणी बंदिस्त असतो. त्याचा वर्षाचा खुराक आणि औषधपाणी यांवर रक्कम ठरते आणि तुम्ही जाऊन त्याला पाहू शकता. हिशेब सरळ असतो.

रानातल्या गिधाडाला कोणी रोज वाढत नाही. आज अंजनेरीच्या कड्यावर बसलेला पक्षी उद्या शंभर किलोमीटरवर असू शकतो. म्हणून इथे दत्तक पक्ष्याचे असले तरी पैसा खर्च होतो तो प्रदेशावर आणि माणसांवर. यात खाद्यस्थळाची, म्हणजे मेलेली जनावरे गिधाडांसाठी आणून ठेवायच्या जागेची देखभाल येते, घरट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या गावातल्या मुलांचे मानधन येते आणि जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या बैठकाही येतात. ‘अंजनेरीतला राजा’ असे नाव देऊन एकच पक्षी तुमच्या नावे केला असेल, तर त्याच्या पायात कडी किंवा पाठीवर टॅग आहे का ते विचारा. नसेल तर राजा कोणता हे नाव देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पण गिधाडच का? वाघ-बिबट्याला लोक जास्त पैसे देतील.

देतील, आणि देतातही. गिधाडाच्या वाट्याला म्हणूनच कमी येते.

घट किती झाली ते पाहा. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे हजारांत एक उरले. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून सुमारे ९७ टक्के गेली. भारतात गिधाडांच्या ९ जाती आहेत. त्यांपैकी या तीन आणि लाल डोक्याचे राजगिधाड अशा चार जाती ‘अतिसंकटग्रस्त’ मानल्या जातात.

सावरायलाही त्यांना वेळ लागतो. जोडी वर्षाला एकच अंडे घालते. ते उबवायला ५० दिवसांहून अधिक लागतात, पिल्लू उडायला पुढे तीन-चार महिने, आणि ते स्वतः वीण करायला साधारण पाच वर्षांचे व्हावे लागते. मोठी दहा गिधाडे मेली तर ती जागा भरायला निम्मे दशक सहज जाते, तेही सगळे सुरळीत झाले तर.

जटायूशी नाते सांगणारे सर्वतीर्थ टाकेद इगतपुरी तालुक्यातच आहे. नाशिककरांना गिधाडाची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये, पण लागते.

नाशिकच्या परिसरात कोणती गिधाडे दिसतात?

कड्यांच्या कपारीत वीण करते ते लांब चोचीचे गिधाड. कड्यावर वरून खाली आलेले विष्ठेचे पांढरे ओघळ ही त्याच्या वस्तीची खूण. पांढऱ्या पाठीचे गिधाड मात्र उंच झाडावर घरटे करते. म्हणून पहिल्यासाठी कडा शांत राहायला हवा आणि दुसऱ्यासाठी झाड उभे राहायला हवे. या दोन गरजा अगदी वेगळ्या आहेत, त्यांचा खर्चही वेगळा. याशिवाय लहान आकाराचे, पिवळ्या तोंडाचे पांढरे गिधाड उकिरड्याच्या आसपास दिसते. ते जागतिक पातळीवर संकटग्रस्त आहे. दत्तक योजनेच्या पत्रकावर नुसते ‘गिधाड’ लिहिले असेल तर जात विचारून घ्या.

डायक्लोफेनॅकवर बंदी आली ना? मग आता पैसे कशाला हवेत?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांब.

डायक्लोफेनॅक हे सूज-वेदना कमी करणारे औषध. गाय-बैलांना ते लागू पडते. पण औषध दिल्यावर काही दिवसांत जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे बंद पडतात. रक्तातले युरिक ॲसिड वाढते, हृदय-यकृतावर त्याचे पांढरे खडूसारखे थर साचतात आणि दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. हे कारण २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली.

मग लोकांनी माणसांसाठीच्या औषधाची मोठी बाटली जनावराला टोचायला सुरुवात केली. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनवर ३ मिलीच्या एकाच मात्रेचे बंधन आले. गाईला पुरेल इतके औषध काढायला आता कितीतरी छोट्या कुप्या फोडाव्या लागतात. त्यामुळे गैरवापर कमी झाला, पण थांबला नाही. शिवाय डायक्लोफेनॅकची भावंडे होतीच. जनावराच्या शरीरात ॲसिक्लोफेनॅकचे डायक्लोफेनॅकच होते. कीटोप्रोफेनही गिधाडांना मारक. या दोन्हींवर जनावरांसाठी बंदी यायला २०२३ उजाडले. नंतर निमेसुलाइडचा नंबर लागला.

आणि गणित असे क्रूर आहे की दर शंभर मेलेल्या जनावरांत एकापेक्षाही कमी जनावर विषारी असले, तरी जात संपायला तेवढे पुरते. एका बैलावर चाळीस-पन्नास गिधाडे उतरतात. एक मढे चुकले की अख्खा थवा गेला. ९५ टक्के डॉक्टर नीट वागतात, हे वाक्य म्हणूनच समाधानकारक नाही.

गिधाडांना सुरक्षित ठरलेली औषधे आहेत, मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड. मेलॉक्सिकॅम मेडिकलमध्ये सहज मिळते आणि त्याची किंमतही आवाक्यात आहे. अडचण सवयीची असते. गावात फिरणाऱ्या बिनशिक्क्याच्या ‘डॉक्टरां’च्या पिशवीत जुनाच माल असतो. ती पिशवी बदलणे हे गिधाड संवर्धनातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. दत्तक योजनेच्या अहवालात औषधांचा उल्लेखच नसेल, तर फोटो कितीही सुंदर असोत, आमच्या मते योजना अर्धवट आहे.

पैसा नेमका कुठे लागतो?

मोठा वाटा खाद्यस्थळाचा. बोलीत सगळे त्याला गिधाड रेस्टॉरंट म्हणतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला असे ठिकाण वनविभाग आणि गावकऱ्यांच्या सहभागातून उभे राहिले. कल्पना साधी आहे. आसपासचे मेलेले जनावर ओढ्यात, रस्त्याकडेला टाकण्याऐवजी एका ठरलेल्या, कुंपण घातलेल्या जागी आणायचे. करायला मात्र साधी नाही.

आधी निरोप यंत्रणा लागते. जनावर मेल्याचे कळवायला गावागावात एक ठरलेला माणूस हवा. उन्हाळ्यात मढे बारा तासांत फुगते, उशीर झाला की ट्रॅक्टरवालाही नाही म्हणतो. मग येतो मालकाला विचारायचा प्रश्न: आजारी असताना काय टोचले, कधी, कोणी? उत्तर वहीत लिहून घ्यायचे. बंदी असलेले औषध दिलेले असेल, किंवा काय दिले ते कोणालाच सांगता येत नसेल, तर ते जनावर खाद्यस्थळावर न आणता पुरायचे. जनावर वाया गेले असे गावाला वाटते, पण इथे नियम मोडला की सगळा खर्च उलटा पडतो. गिधाडांना आपणच विष वाढून बोलावले असे होते. विष घातलेले मढेही असेच टाळायचे. कुत्र्यांना किंवा बिबट्याला मारण्यासाठी कीटकनाशक घातलेले जनावर गिधाडांचा थवाच्या थवा संपवते.

वाहतूक हा सर्वांत मोठा रोजचा खर्च. घाटातून, कच्च्या रस्त्याने पिकअप आणायची, मढे चढवायला तीन-चार माणसे. कातडे सोललेले असेल तर गिधाडे लवकर खातात, कारण गाय-बैलाचे जाड कातडे त्यांना एकदम फाडता येत नाही, ती डोळे आणि मागच्या बाजूपासून सुरुवात करतात. सोलणाऱ्याची मजुरी हिशेबात धरावी लागते.

जागा निवडताना चूक झाली तर पुढे काही सुधारत नाही. मोकळा माळ हवा, कारण पोट भरलेल्या गिधाडाला उडायला धावपट्टी लागते. शेजारी बसायला मोठी झाडे किंवा कडा हवा. विजेच्या तारा जवळ नकोत, कारण दोन मीटरहून मोठ्या पंखांचा पक्षी दोन तारांना एकदम टेकतो. विहीर आणि नाला उताराच्या खालच्या बाजूला नको. कुंपण कुत्र्यांसाठी असते. त्याची उंची सहा फुटांच्या आसपास ठेवावी आणि जाळीचा खालचा काठ जमिनीत पुरलेला असावा, नाहीतर कुत्री उकरून आत येतात. कुत्री आली की गिधाडे उतरत नाहीत. उन्हाळ्यासाठी पाण्याची उथळ टाकी हवी, गिधाडांना खाल्ल्यावर आंघोळ लागते. उरलेली हाडे महिन्याकाठी गोळा करायची.

खुराकाचा अंदाज घ्यायचा तर मोठ्या गिधाडाला दिवसाला सरासरी अर्धा किलो मांस लागते, म्हणजे वर्षाला १८० किलोच्या आसपास. ते रोज खात नाही. एका बसणीत किलोभर खाते आणि मग दोन-तीन दिवस उपाशी राहू शकते. थवा मोठा असेल तर बैल काही तासांत हाडांपर्यंत साफ होतो.

खाद्यस्थळ हे टेकू आहे, एवढे मात्र लक्षात ठेवा. आजूबाजूच्या गावांतले औषध सुधारले नाही तर तिथे पोट भरलेले गिधाड दुसऱ्या दिवशी पन्नास किलोमीटरवर विषारी मढ्यावर उतरू शकते. गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र आखताना सुमारे १०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ का धरतात, ते यामुळे. त्र्यंबकेश्वरवरून तेवढे वर्तुळ काढले तर ते ठाणे, पालघर, अहिल्यानगर आणि गुजरातच्या डांगपर्यंत जाते.

मी १५०० रुपये दिले तर त्यातले गिधाडापर्यंत किती पोहोचतात?

योजनेनुसार बदलते, पण मोजायची रीत एकच. उदाहरणादाखल धरा: मऊ खेळणे ३५०, छापील प्रमाणपत्र आणि खोका १००, कुरिअर १२०, पेमेंट गेटवेची फी ३०. झाले ६००. उरले ९००. त्यातून कार्यालयाचा खर्च वजा होतो. तेच १५०० रुपये ईमेलवरच्या प्रमाणपत्रासह दिले तर १४५० च्या वर कामाला लागतात. मुलाच्या वाढदिवसाला हातात काहीतरी हवे असते हे समजते, पण स्वतःसाठी दत्तक घेत असाल तर ‘फक्त डिजिटल’ पर्याय मागा. तो योजनेच्या पानावर लिहिलेला नसला तरी बहुतेक संस्था मागितल्यावर देतात.

कार्यालयाचा खर्च शून्य आहे असा दावा करणाऱ्यांपासून जरा सावध राहा. हिशेब ठेवणारा माणूस फुकट नसतो. तो नसेल तर हिशेबही नसतो.

पैसे देण्याआधी काय तपासायचे?

अर्ध्या तासाचे काम आहे.

पहिले, संस्थेचे पूर्ण नोंदणीकृत नाव आणि धर्मादाय आयुक्तांकडचा न्यास नोंदणी क्रमांक घ्या. दुसरे, यूपीआयवर पैसे पाठवताना समोर जे नाव येते ते न्यासाचेच आहे का पाहा. एखाद्या कार्यकर्त्याचे वैयक्तिक नाव आले तर तिथेच थांबा, माणूस कितीही ओळखीचा असो. तिसरे, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद मागा. देणगीचा आकडा आणि संवर्धनावरच्या खर्चाचा आकडा त्यात समोरासमोर ठेवून पाहा.

चौथी गोष्ट लोक विसरतात. गिधाडांच्या वस्तीत काम करायला वनविभागाची परवानगी लागते. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र २०१७ मध्ये जाहीर झाले, बोरगड त्याआधी २००८ मध्ये. अशा क्षेत्रात काम करत असल्याचे सांगणाऱ्या संस्थेकडे परवानगीचे पत्र असायला हवे. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर कारण समजून घ्या.

आणि पाचवे: ‘आज रात्रीपर्यंत पैसे दिले नाहीत तर हे पिल्लू मरेल’ अशा मजकुराला उत्तर देऊ नका. समाजमाध्यमांवर परदेशातल्या पक्ष्याचा फोटो लावून असे निधी गोळा केले जातात. लांब चोचीच्या गिधाडाची मान जवळजवळ उघडी आणि चोच फिकट असते. फोटोत मानेभोवती दाट पांढरी लोकर दिसली तर तो बहुधा हिमालयातला किंवा युरोपातला पक्षी असतो.

करात सवलत मिळते का?

संस्थेकडे ८० जी ची (देणगीवर करवजावट देणाऱ्या आयकर कलमाची) मान्यता असेल आणि तुम्ही जुनी करप्रणाली घेतली असेल तर मिळते. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. २००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलीत तर वजावट नाही. वस्तूरूपात दिलेली जाळी, टाकी, दुर्बीण यांचीही नाही.

पावतीवर तुमचा पॅन नीट लिहिला आहे ना ते तिथेच पाहा. संस्था देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरते आणि त्यावरून प्रमाणपत्र तयार होते. पॅनचे एक अक्षर चुकले की विवरणपत्र भरताना दावा अडतो आणि मग जूनमध्ये संस्थेला फोन सुरू होतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला असून कलमांचे आकडे बदलले आहेत. बोलताना लोक ८० जी च म्हणतात, पण विवरणपत्रातला रकाना तुमच्या सीएंना विचारून भरा.

भाऊ अमेरिकेत आहे. त्याला नाशिकच्या गिधाडासाठी पैसे द्यायचे आहेत.

त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून देत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. तिथले नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असले तरी, ती विदेशी देणगी होते. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवेत. ‘तू माझ्या खात्यात टाक, मी इथून भरतो’ हा घरगुती तोडगा संस्थेला अडचणीत आणतो. छोट्या स्थानिक संस्थांकडे बहुधा ही नोंदणी नसते.

शाळेने, कंपनीने किंवा गणेश मंडळाने दत्तक घेतले तर?

शाळेसाठी वर्गणीची रक्कम लहान ठेवा आणि वर्षभराचे काम जोडा. सप्टेंबरचा पहिला शनिवार हा आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिन. त्या आठवड्यात पालकांपैकी ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांच्यापर्यंत औषधांच्या नावांची चिठ्ठी पोहोचली, तर शहरातल्या शंभर प्रमाणपत्रांपेक्षा ती जास्त कामाची.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांना सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून देता येते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरण आणि प्राणी कल्याण येते. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा. एक विनंती: कुंपण आणि फलक यांसाठी कंपन्या लगेच तयार होतात कारण त्यावर नाव लागते. डिझेल, मजुरी आणि निरीक्षकांचे मानधन याला कोणी तयार नसते. तीन वर्षांच्या चालू खर्चाची हमी मागणारी संस्था दिसली तर तिला आधी निवडा.

मंडळाने पेटी फिरवून निधी गोळा करायचा असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. त्यापेक्षा मंडपात संस्थेचा क्यूआर कोड लावा आणि लोकांना थेट देऊ द्या.

वर्षअखेरच्या अहवालात काय असायला हवे?

गिधाडांच्या विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नीट काम करणारी माणसे हंगामात किमान तीन वेळा तेच कडे, तीच झाडे दुर्बिणीतून, लांबूनच पाहतात. सुरुवातीला किती जोड्या घरट्यावर बसल्या, मध्ये किती अंडी उबवताना किंवा पिल्लू असताना दिसले, शेवटी किती पिल्ले उडाली. शेवटच्या आकड्याला पहिल्याने भागले की घरट्यांचे यश कळते. ‘गिधाडांची संख्या वाढली’ असे मोघम वाक्य आणि एक थव्याचा फोटो हा अहवाल नव्हे. चांगल्या दिवशी शेजारच्या तालुक्यातला थवाही जेवायला येतो, त्याने संख्या वाढत नाही.

खाद्यस्थळाच्या बाबतीत किती जनावरे आली, किती औषधाच्या शंकेमुळे नाकारली, आणि कोणत्या महिन्यात काहीच आले नाही, हे तिन्ही आकडे पाहा. नाकारलेल्यांचा आकडा सलग शून्य असेल तर विचारणा होत नसावी, असे समजायला हरकत नाही.

टॅग लावलेले गिधाड दत्तक घेता येईल का?

काही कार्यक्रमांत घेता येते. पाठीवर सौरऊर्जेवर चालणारे छोटे यंत्र असते आणि ते ठिकाण कळवत राहते. हरियाणातल्या पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात २० गिधाडे आणली गेली. लांब चोचीची १० पेंचला आणि पांढऱ्या पाठीची १० ताडोबाला. त्यांतली काही पुढे टॅगसह मोकळी झाली आणि ताडोब्याचे एक तर थेट तमिळनाडूत पोहोचले.

नकाशावर आपला पक्षी पाहणे मोहात पाडणारे आहे, पण मन घट्ट करून घ्या. सिग्नल थांबतो, टॅग गळून पडतो, पक्षी मरतो. तसे झाले तर संस्थेने ते कळवायला हवे आणि शवविच्छेदनात काय सापडले तेही. मेलेल्या टॅगच्या गिधाडाने कुठल्या भागात कुठले औषध अजून चालू आहे हे दाखवले, तर पुढच्या बंदीचा पुरावा त्यातूनच तयार होतो.

दत्तक घेतल्यावर गिधाडे पाहायला जाऊ शकतो का?

जा, पण नोव्हेंबर ते एप्रिल कड्याच्या तोंडाशी नको. अंजनेरीला जाणाऱ्यांनी पायवाट सोडून कपारींच्या वर उभे राहून खाली दगड टाकणे, ड्रोन उडवणे, स्पीकर लावणे टाळावे. बसलेला पक्षी दचकून उठला की अंडे उघडे पडते, कधी कपारीतून घरंगळते. खाद्यस्थळावर ताजे मढे असताना जवळ गेलात तर थवा दिवसभर उतरत नाही आणि रात्री ते मांस तरसांचे होते. वनविभागाला विचारून, लांबच्या टेकाडावरून पाहावे. संक्रांतीच्या आगेमागे नायलॉन मांजा हा वेगळाच त्रास. तो बंदी असूनही विकला जातो आणि तो काळ नेमका विणीचा असतो.

पैसे नाहीत, पण दोन गाई आहेत. मी काय करू?

तुम्ही पैसे देणाऱ्यापेक्षा जास्त करू शकता. डॉक्टर आले की इंजेक्शनचे नाव विचारा आणि मेलॉक्सिकॅम मागा. किती द्यायचे ते डॉक्टरच वजन पाहून ठरवतील. घरात माणसांसाठी आणलेले दुखण्याचे इंजेक्शन जनावराला देऊ नका. जनावर दगावलेच तर शेवटच्या आठवड्यातली औषधे लक्षात ठेवून वनरक्षकाला सांगा. आणि शेताच्या बांधावर घरटे असलेला आंबा किंवा अर्जुन असेल तर तो तोडायचा विचार आला तेव्हा आधी वनविभागाशी बोला.

गिधाड खाली पडलेले सापडले तर?

१९२६ या वनविभागाच्या मदत क्रमांकावर कळवा. तोपर्यंत कुत्री आणि माणसे लांब ठेवा, सावली करा. चोचीत बळेच पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. मांस देऊ नका. हलवावेच लागले तर वरून जाड चादर टाकून, पंख अंगाशी दाबून धरा आणि भोके पाडलेल्या मोठ्या खोक्यात ठेवा. घाबरलेले गिधाड ओकते, ते आजाराचे लक्षण नाही. चोच बोट सोलून काढू शकते. उन्हाळ्यात पडलेले पिल्लू बहुधा तहानेने आणि उष्म्याने गळालेले असते आणि वेळेत उपचार मिळाले तर वाचते. मान लोंबकळलेले, गुंगीत बसलेले मोठे गिधाड दिसले तर औषधाचा संशय धरा आणि आसपास मढे आहे का ते शोधून तेही कळवा. तो पक्षी मेला तरी पुरू नका. तपासणीसाठी वनविभागाला तो हवा असतो.

मला काळवीट किंवा बिबट्या दत्तक घ्यायचा आहे.

येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथला खर्च मुख्यतः उन्हाळ्यातले पाणवठे आणि गवत यांचा. बिबट्या निफाडच्या उसात दुर्मीळ नाही, तिथले प्रश्न वेगळे आहेत. त्यासाठी दत्तक योजना फारशी उपयोगाची नाही.

दरवर्षी नूतनीकरण करावेच लागते का?

सक्ती नसते. पण एकदाच ५००० देण्यापेक्षा पाच वर्षे दरवर्षी १००० देणे संस्थेला सोयीचे पडते, कारण निरीक्षकाचे मानधन आणि डिझेल दर महिन्याला लागते. बँकेत स्वयंचलित सूचना लावलीत तर ती कशी थांबवायची हेही त्याच वेळी विचारून ठेवा. थांबवायचे असेल तर हंगाम सुरू होण्याआधी, सप्टेंबरपर्यंत कळवा. ऑक्टोबरमध्ये निरीक्षक ठरलेले असतात आणि मधेच पैसा थांबला तर शेवटची, म्हणजे पिल्ले उडण्याच्या वेळची फेरी रद्द होते.